पेशीला भूक कशी कळते, आणि म्हातारपणाशी त्याचा काय संबंध? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीवशास्त्राचा शिक्षक. ज्येष्ठ नागरिक संघांत आणि महाविद्यालयांत 'अन्न, पेशी आणि आयुष्य' या विषयावर बोलायला जातो. भाषण संपलं की चिठ्ठ्या येतात, आणि घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी दहा प्रश्न. बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळे इथे मांडतो. मी डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची किंवा बंद करायची असेल तर हे पान वाचून ठरवू नका.

पेशीला ना जीभ ना पोट. मग अन्न आलं हे तिला कळतं कसं?

काही प्रथिनांचं कामच ते असतं. सेस्ट्रिन-२ नावाच्या प्रथिनात एक खाच असते आणि त्या खाचेत ल्युसीन हे अमिनो आम्ल नेमकं बसतं. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांपासून मिळतं तेच ल्युसीन. ते बसलेलं असलं तर सेस्ट्रिन गप्प राहतं. खाच रिकामी झाली की ते पुढच्या साखळीला अडवून धरतं आणि पेशीतली बांधकामं थांबतात. आर्जिनीन या दुसऱ्या अमिनो आम्लासाठी असाच वेगळा पहारेकरी आहे, त्याचं नाव कॅस्टर-१.

या सगळ्यांच्या बातम्या एमटॉर नावाच्या प्रथिनाकडे जातात. त्याला पेशीचा मुकादम समजा. माल आहे, पैसा आहे असं कळलं की तो कामाला लावतो: नवी प्रथिनं बनवा, चरबी बनवा, पेशी वाढवा. गंमत म्हणजे हा मुकादम कामावर असताना लयकारिकेच्या पृष्ठभागावर बसलेला असतो. लयकारिका म्हणजे पेशीतलं भंगाराचं दुकान, जिथे जुनी मोडकी प्रथिनं तोडून त्यांचे सुटे भाग परत वापरायला काढले जातात. म्हणजे बाहेरून माल किती आला आणि भंगारातून किती निघाला, दोन्ही हिशेब एकाच जागेवरून होतात.

दुसरी यंत्रणा एएमपीके. तिचं लक्ष ऊर्जेवर. पेशीचं चलन एटीपी. ते खर्च झालं की एएमपी साठत जातं. एएमपी वाढलं की एएमपीके जागं होतं, उधळपट्टी बंद करतं, चरबी जाळायला लावतं आणि एमटॉरलाही दटावतं.

तिसरी बातमी बाहेरून येते: इन्शुलिन आणि त्याचं भावंड आयजीएफ-१. ही साऱ्या शरीराला दिलेली दवंडी असते. ती ऐकू येत असेपर्यंत फॉक्सो नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकाबाहेर अडकून पडतं. दवंडी मंदावली की ते आत जातं आणि दुरुस्तीची जनुकं चालू करतं.

यात म्हातारपण कुठून आलं?

घरात पाहुणे आहेत, पंगती उठताहेत, अशा वेळी माळा आवरायला कोणी काढत नाही. पेशीचंही तसंच. एमटॉर जोरात असेल तर ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचीच मोडतोड वेचून खाण्याची क्रिया, दबलेली राहते. एमटॉर शांत झाला की ती सुरू होते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल या क्रियेच्या संशोधनासाठी मिळालं. पाहुणे कधी जातच नाहीत अशा घराचा माळा कसा होईल, याची कल्पना करा. वय वाढलेल्या पेशीत विद्रूप प्रथिनं आणि बिघडलेल्या तंतुकणिका (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) साठतात, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

हे सिद्ध कशावरून? कमी खाल्लं की जास्त जगतात, हे तर आजीही सांगायची.

आजीचं म्हणणं १९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांवर करून दाखवलं. जीवनसत्त्वं, क्षार पुरेसे पण उष्मांक कमी, असं खाणं दिलेले उंदीर पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सोपं उत्तर असं की कमी खाल्लं, कमी जळलं, कमी झिजलं.

ते उत्तर एका अळीने मोडलं. सी. एलेगन्स ही मातीत राहणारी मिलिमीटरभर लांबीची गोलकृमी, आयुष्य जेमतेम दोन-तीन आठवडे. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सिंथिया केनियन यांच्या गटाने दाखवलं की डॅफ-२ या एकाच जनुकात बिघाड झाला तर ती दुपटीहून जास्त जगते, आणि म्हातारपणीही चपळ दिसते. १९९७ मध्ये गॅरी रवकुन यांच्या गटाने ते जनुक वाचलं. ते निघालं आपल्या इन्शुलिनच्या ग्राहीचं, म्हणजे दवंडी ऐकणाऱ्या कानाचं, भाईबंद.

मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. त्या अळ्यांना कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. समोर अन्न होतं, त्या खात होत्या, फक्त 'अन्न आलंय' ही बातमी पेशीपर्यंत पोचत नव्हती. आयुष्य लांबवायला भूक लागली नाही, भुकेची बातमी पुरली. पुढे फळमाशीत आणि उंदरात याच धाग्याचे पुरावे मिळत गेले.

निसर्गाने असलं बटण ठेवलंच कशाला?

दुष्काळात पिल्लं घालणं तोट्याचं. त्यापेक्षा वाढ थांबवा, डागडुजी करा, पाऊस पडेपर्यंत तग धरा. बहुतेक जीवशास्त्रज्ञ असंच मानतात. वरची अळी तर लहानपणी अन्न संपलं की तोंड बंद करून वेगळ्याच रूपात महिनोन्‌महिने पडून राहते, आणि हे रूप घेण्यातही डॅफ-२ चाच हात आहे.

माणसांत असा बिघाड झालेला कोणी आहे का?

आहेत. दक्षिण इक्वेडोरच्या डोंगराळ भागात लॅरॉन सिंड्रोम असलेली शंभरेक माणसं राहतात. त्यांच्या शरीरात वाढीचं संप्रेरक भरपूर असतं, पण ते पकडणारा ग्राहीच नादुरुस्त, त्यामुळे आयजीएफ-१ फारच कमी. उंची चार फुटांच्या आतबाहेर. तिथले डॉक्टर हाइमे ग्वेवारा-आगिर्रे यांनी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं आणि वाल्टर लाँगो यांच्यासोबत २०११ मध्ये निष्कर्ष छापले: २२ वर्षांत मधुमेह एकालाही नाही, कर्करोग एकाच व्यक्तीला आणि तोही जीवघेणा नव्हे. त्याच घरांतल्या सामान्य उंचीच्या नातेवाइकांत कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के होतं आणि मधुमेहाचं ५ टक्के. शिवाय लॅरॉन असलेली बरीच मंडळी चांगली लठ्ठ आहेत!

आता व्हॉट्सअ‍ॅपवाले सांगत नाहीत ती बाजू. ही माणसं इतरांपेक्षा जास्त जगत नाहीत. अपघात, दारू, फिट येणं अशा कारणांनी त्यांतले बरेच जातात. रोग टळणं वेगळं आणि आयुष्य वाढणं वेगळं.

रॅपामायसिन म्हणजे काय? ते म्हणे बेटावरच्या मातीतून आलं.

हो, आणि ही हकीकत सवडीने सांगण्यासारखी आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडाहून एक वैद्यकीय पथक पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर गेलं. विमानतळ होण्याआधी तिथल्या लोकांची तब्येत तपासायची होती. परतताना त्यांनी मातीचे नमुने आणले. ते मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचले. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले शास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटाने मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशी मारणारं द्रव्य वेगळं केलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून ते रॅपामायसिन.

बुरशीवरचं औषध म्हणून ते चाललं नाही, कारण ते रोगप्रतिकारशक्ती दाबतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून माणसं न्यू जर्सीला हलवली आणि हे काम गुंडाळलं. सेहगलांनी जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये नेऊन ठेवले, वर 'खाऊ नये' अशी चिठ्ठी. काही वर्षांनी नवे साहेब आले, काम पुन्हा सुरू झालं, आणि जो दोष होता तोच गुण ठरला: १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड रोपणानंतरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

मधल्या काळात, १९९१ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे मायकेल हॉल, जोसेफ हाइटमन आणि राव मोव्वा हे औषध यीस्टमध्ये कुठे लागू पडतं ते शोधत होते. जे प्रथिन सापडलं त्याला त्यांनी 'रॅपामायसिनचं लक्ष्य' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून टॉर हे नाव दिलं. आपला मुकादम तो हाच. म्हणजे आधी औषध सापडलं आणि औषधाने प्रथिनाचा पत्ता दिला.

उंदरांवर त्याचा परिणाम काय झाला?

अमेरिकेत सरकारी पैशाने एक कार्यक्रम चालतो. आयुष्य वाढवतं असा दावा असलेला पदार्थ तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, जनुकीय विविधता असलेल्या उंदरांवर एकाच वेळी तपासायचा. रॅपामायसिन खाद्यात टिकेना, म्हणून त्याचं वेष्टन जमवण्यात महिने गेले आणि तोवर उंदीर ६०० दिवसांचे, माणसाच्या हिशेबात साधारण साठीचे, झाले. आता काय उपयोग, असं वाटत असतानाही प्रयोग केला. २००९ मध्ये निकाल आले: नव्वद टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांत १४ टक्के आणि नरांत ९ टक्के वाढलेलं, तिन्ही ठिकाणी. साठीत सुरू करूनही फरक पडतो, हे ऐकून सगळ्या क्षेत्राचे कान टवकारले.

मग मी ती गोळी घेऊ का?

नाही. तोंडात व्रण, जखम उशिरा भरणं, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढणं, संसर्गाची भीती, हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम. साखर वाढण्यामागे एक बारकावा आहे. एमटॉर इतर प्रथिनांशी मिळून दोन वेगळ्या जुळण्यांत काम करतो. रॅपामायसिन पहिलीला लगेच आवरतं, पण सतत घेतलं तर दुसरीही विस्कटते, आणि इन्शुलिनचं काम नीट व्हायला ती गरजेची असते.

ज्येष्ठांवर प्रयोग झाले आहेत. २०१४ मध्ये रॅपामायसिनच्या जवळच्या औषधाचा थोडा डोस काही आठवडे दिल्यावर फ्लूच्या लशीला मिळणारा प्रतिसाद साधारण २० टक्क्यांनी सुधारला. त्या आशेवर याच वर्गातल्या दुसऱ्या औषधाची मोठी चाचणी झाली, ती २०१९ मध्ये फसली. निरोगी माणूस यामुळे जास्त जगतो, असं दाखवणारी एकही चाचणी आज हातात नाही.

मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतोच. म्हणजे मला फायदा होतोय ना?

मधुमेहाचा फायदा नक्की होतोय, तो सोडू नका. मेटफॉर्मिन तंतुकणिकांच्या कामात किंचित खोडा घालतं, ऊर्जा कमी पडते, एएमपीके जागं होतं. २०१४ च्या एका ब्रिटिश पाहणीत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही बिगरमधुमेहींपेक्षाही जास्त जगताना दिसले आणि एकच गाजावाजा झाला. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींत तसं काही दिसलं नाही. वर सांगितलेल्या उंदरांच्या कार्यक्रमातही एकट्या मेटफॉर्मिनने ठळक आयुर्वाढ झाली नाही. मधुमेह नसताना घेऊ नये, असं माझं मत.

मी दर एकादशी करते. ऑटोफॅजी होत असेल का?

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली त्याला पेशीशास्त्र न शिकताच कळलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चारला बटाट्याचा कीस, रात्री रताळ्याच्या फोडी: इन्शुलिनची दवंडी दिवसभर चालूच. धर्माच्या दृष्टीने उपास घडला, पेशीच्या दृष्टीने तो सण होता. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पेशीसाठी करत असाल तर पदार्थ बदलून भागत नाही, न खाण्याचे तास लागतात.

नेमके किती तास? १६ तासांनी ऑटोफॅजी सुरू होते असं वाचलं.

तसं घड्याळ नाही. असे आकडे बहुतेक प्राण्यांवरून उचललेले असतात. एक दिवस उपाशी ठेवलेल्या उंदराचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. ७० किलोच्या माणसाचं तसं एका दिवसात सात किलो उतरेल का? उंदराचा दिवस आणि आपला दिवस एक नव्हे. शिवाय जिवंत माणसाच्या यकृतात ऑटोफॅजी किती चालली आहे, हे मोजायची सोपी चाचणी नाही. त्यामुळे '१६ तास झाले, सफाई सुरू' असं सांगणारं मोबाइल अ‍ॅप तुमच्या पेशीत डोकावून बोलत नसतं.

दिवसातून दोनदाच जेवावं का?

डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली दिवसात दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांत संपवायचं, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मधेमधे खाल्लं नाही तर इन्शुलिन कमी वेळा उसळतं, हा तिचा गाभा वर सांगितलेल्या यंत्रणेशी जुळतो. वजन आणि साखर यांवर अनेकांना गुण येतो. आयुष्य वाढतं का, हा वेगळा प्रश्न, आणि तिथे उंदीरही एकमताने बोलत नाहीत.

२०२२ मध्ये टेक्सासच्या जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने उंदरांचे उष्मांक ३० टक्के कमी केले. चोवीस तास थोडंथोडं दिलं तर आयुष्य १० टक्के वाढलं. तेवढंच अन्न उंदरांच्या जागरणाच्या वेळी, म्हणजे रात्री, देऊन बाकीचा वेळ उपाशी ठेवलं तर ३५ टक्के. वेळेला किंमत आहे. आपण दिवसा जागतो, तेव्हा आपल्यासाठी याचा अर्थ उलटा घ्यायचा: रात्री उशिराचं जेवण टाळा. पण २०२४ मध्ये जनुकीयदृष्ट्या वेगवेगळ्या ९६० माद्यांवर झालेल्या प्रयोगात आयुष्य किती, हे आहारापेक्षा अनुवंशाने जास्त ठरलं. कमी खाऊनही ज्यांचं वजन फारसं घटलं नाही, त्याच जास्त जगल्या.

माकडांवर झालं ना काही?

झालं, आणि भांडणही झालं. विस्कॉन्सिनच्या गटाने २००९ मध्ये सांगितलं, कमी खाणारी ऱ्हीसस माकडं जास्त जगतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने २०१२ मध्ये सांगितलं, नाही जगत. २०१७ मध्ये दोन्ही गट एकत्र बसले. विस्कॉन्सिनच्या तुलनेच्या माकडांना हवं तेवढं खायला होतं आणि खाद्यात साखर बरीच; दुसरीकडच्या माकडांना मुळातच मोजून आणि बरं खाणं. म्हणजे अति खाणाऱ्याने कमी केलं तर मोठा फायदा, नेमस्त खाणाऱ्याने आणखी कमी केलं तर फारसा नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही.

माणसांवरचा सर्वांत नेटका प्रयोग अमेरिकेतला कॅलरी नावाचा: २१८ सडपातळ ते मध्यम बांध्याची माणसं, दोन वर्षं, २५ टक्के कमी खायचं ठरलेलं. प्रत्यक्षात जमलं १२ टक्क्यांच्या आसपास. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं, डीएनएवरच्या खुणांवरून मोजलेला म्हातारपणाचा एक वेग दोन-तीन टक्क्यांनी मंदावला, आणि हाडांची घनताही थोडी घटली.

प्रथिनांनी एमटॉर जागा होतो, मग वरण, अंडी बंद करू का?

हा प्रश्न आला की मला धास्ती वाटते. नात्यातल्या एका मावशींनी सत्तरीत असंच काही वाचून दूध-डाळ कमी केली आणि वर्षभरात जिना चढताना कठडा धरायला लागल्या. तरुण उंदरांत प्रथिनं कमी केली की आयुष्य वाढतं, हे खरं. पण लाँगो यांच्याच गटाच्या २०१४ च्या पाहणीत ५० ते ६५ वयात जास्त प्रथिनं तोट्याची दिसली आणि पासष्टीनंतर तीच फायद्याची ठरली. म्हातारपणी स्नायू वितळतात, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं तर पुढचे सगळे हिशेब फिसकटतात. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच. आपल्या वरणभातात भातच फार आणि वरण पातळ असतं, तेव्हा बहुतेक मराठी आजी-आजोबांनी एमटॉरची काळजी करू नये, डाळ घट्ट करावी.

व्यायामाचं काय?

चालण्याने एएमपीके जागं होतं, वजन उचलल्याने स्नायूंतला एमटॉर. दोन्ही हवेत. एमटॉर खलनायक असता तर त्याच्यावाचून जखम भरली असती आणि पोरं मोठी झाली असती. तो चोवीस तास चालू राहणं, हे दुखणं.

आमच्या पिढ्या अर्धपोटी राहिल्या. मग आपण दीर्घायुषी का नाही?

फार चांगला प्रश्न, आणि त्याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. वजन कमी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली: बारीक पण चरबीदार. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटोही २००४ मध्ये छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३, चरबी ब्रिटिश माणसात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२.

प्रौढ उंदराला प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांसकट मिळणारी चंगळीतली टंचाई वेगळी, आणि गर्भात ब-१२ पासून प्रथिनांपर्यंत सगळंच तोकडं असणं वेगळं. गर्भाला बातमी मिळते की बाहेर दुष्काळ आहे, शरीर त्या बेताने घडतं, आणि जन्मल्यावर समोर वडापाव येतो. मधुमेह आपल्याकडे लवकर आणि सडपातळ माणसांनाही होतो, त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

रेड वाइन? एनएमएनच्या गोळ्या?

सर्ट्यूइन ही प्रथिनं एनएडी या रेणूवर चालतात आणि तीही टंचाई ओळखतात, इथवर ठीक. द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल त्यांना जागं करतं म्हणून एका बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून एक छोटी कंपनी घेतली. पाच वर्षांत तिला टाळं लागलं. तीन प्रयोगशाळांच्या त्या कार्यक्रमात रेझव्हेराट्रॉलने उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. वाइन नाशिकची असो वा फ्रान्सची, उंदराइतका डोस घ्यायला दिवसाला शेकड्याने बाटल्या लागतील. एनएमएन म्हणजे शरीर ज्यापासून एनएडी बनवतं ते द्रव्य; त्याने माणूस जास्त जगतो, असा पुरावा नाही. माझे पैसे मी त्यात घालणार नाही.

माझा एमटॉर किती, हे रक्त तपासून कळेल का?

नाही.

उपास कोणी करू नये?

इन्शुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुलं, खाण्याच्या मानसिक विकारातून गेलेले, आणि आधीच वजन उतरत चाललेले वृद्ध यांनीही नाही.

तुम्ही स्वतः काय करता?

रात्री साडेसातला जेवतो आणि सकाळी नऊपर्यंत चहाखेरीज काही घेत नाही. चहात दूध असतं, तेव्हा तो कडक उपास नव्हेच. रोज टेकडी, आठवड्यातून दोनदा डंबेल्स. दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. होळीला पुरणपोळी दोन, वर तूप, आणि त्या दिवशी मुकादमाला कामाला लागू देतो.